चौथ्या फेरीतला कावळा

शेवटच्या साध्या दिवशी मनोहररावांनी उपम्याची बशी बाजूला सारली आणि लॅपटॉप लेकीकडे वळवला.

"ज्ञानदा, हा मुलगा बघ."

चव्वेचाळिसाव्या वर्षी, घटस्फोटही जुना झाल्यावर, बापाच्या तोंडून 'मुलगा बघ' ऐकून दचकायचं काही कारण नव्हतं. मुलगा म्हणजे ऑर्लन टिंडल. कुठल्याशा आडगावच्या कॉलेजातला अमेरिकन फुटबॉलपटू, जातीचा रिसीव्हर. पळत सुटायचं आणि मागून फेकलेला चेंडू झेलायचा, एवढाच त्याचा धंदा. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो. मोठे संघ आळीपाळीनं कॉलेजातली पोरं उचलतात. टिंडलला कुणीतरी उचलावं म्हणून मनोहरराव देव पाण्यात घालून बसले होते.

"बाबा, उपमा गार होतोय."

"होऊ दे. हा जितक्या वेळा पळाला, त्यातल्या दर पळण्यामागे किती यार्ड मिळवले ते बघ. आणि चेंडू फेकणारा कोण, तर ज्याला स्वतःचे बूट दिसत नाहीत असा."

"सॅम्पल लहान आहे," ज्ञानदा म्हणाली. ती औषधांच्या कंपनीत आकडेशास्त्रज्ञ होती. हे वाक्य ती झोपेतही म्हणाली असती.

"तुमच्या गोळ्या खायला हजार माणसं मिळतात. टिंडल एकच आहे."

मनोहररावांची उभी हयात पुण्यात कृषी खात्याच्या सांख्यिकी शाखेत गेली होती. शेतात दोऱ्यानं चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि जिल्ह्याचं उत्पन्न सांगायचं. अमेरिकेत कॅरीला लेकीकडे आल्यावर शेजारच्या वॉल्टनं त्यांना फुटबॉल दाखवला. वॉल्ट शाळेतून निवृत्त झालेला व्यायामशिक्षक. पहिल्याच सामन्यात मनोहररावांनी निकाल दिला की हे सगळे लोक एकूण यार्ड मोजतात, म्हणजे मूर्ख आहेत. ज्याच्या रानात पाटाचं पाणी, त्याच्या उसाचं कौतुक काय? बरड जमिनीतलं पीक बघा. मग त्यांनी वय वजा केलं ("तेविसाव्या वर्षी अठराच्या पोरांना हरवणं म्हणजे नापासानं पहिला नंबर काढणं"), समोरच्या संघाचा कस धरला आणि शेवटी एक नवाच रकाना काढला: रिसीव्हर मोकळा उभा आहे, पण चेंडू त्याच्याकडे आलाच नाही, असं किती वेळा घडलं.

संघांचे अधिकारी पोरांना चड्डीवर उभं करून उंची मोजतात, पंजाची लांबी मोजतात, हे कळल्यावर गावातल्या ओळखीच्या मालिनीकाकू म्हणाल्या होत्या, "अगंबाई, आमच्या वेळी मुलीसुद्धा एवढ्या बघत नसत!"

ज्ञानदानं गाडीची किल्ली घेतली.

"आणि हो," लॅपटॉपवरची नजर न काढता मनोहरराव म्हणाले, "ऑगस्टचं पुण्याचं तिकीट बघशील? एकेरी. तीन वर्षं झाली. माझी काळजी म्हणून आणलंस, आता मी ठणठणीत आहे. तुझ्या घरात अडगळ किती दिवस व्हायचं?"

"बघते," ज्ञानदा म्हणाली. विमा विकणाऱ्याला म्हणावं तसं म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरराव उठले नाहीत.

दहावा आला शनिवारी. ड्राफ्टचा शेवटचा दिवसही तोच. नकुल गुरुजी आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासत आणि सुटीच्या दिवशी बारशापासून दहाव्यापर्यंत सगळं करत. त्यांनी तळ्याकाठची जागा धरली. तिथं 'पक्ष्यांना खायला घालू नये' अशी पाटी होती. मालिनीकाकूंनी तिच्यावर आपली शाल वाळत घातल्यासारखी टाकली.

विधी सगळे ज्ञानदानंच केले. पिंड मांडला आणि मंडळी मागे सरकली. पाइनच्या फांदीवर कावळा होता, चांगला धष्टपुष्ट. पण तो हलेना. तळ्यातून कॅनडा गूज नावाचे लठ्ठ पक्षी मात्र रांगेनं जेवायला आले. वॉल्ट छत्री घेऊन त्यांना हाकलू लागला.

"ह्यांनी शिवलं तर चालतं का हो?" मालिनीकाकूंनी विचारलं.

"नाही, काकू. कावळाच लागतो."

"भाऊजी," काकू फांदीकडे बघून म्हणाल्या, "ज्ञानदाला आम्ही अंतर देणार नाही."

कावळ्यानं मान खाजवली.

"पुण्याच्या फ्लॅटची गळती काढून घेऊ."

कावळा ढिम्म.

ऊन डोक्यावर आलं. हे काय चाललंय, असं वॉल्टनं विचारलं. नकुल गुरुजींनी त्याला ऑफिसच्या भाषेत समजावलं, "गेलेल्या माणसाची एखादी रिक्वायरमेंट पेंडिंग असेल, तर हा पक्षी अप्रूव्ह करत नाही."

वॉल्टला ते चटकन पटलं. "मग टिंडलच!" त्यानं फोन काढला. "चौथी फेरी चालू आहे. अजून कुणी उचलला नाही त्याला." त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि कावळ्यापुढे उभा राहिला. "मॅनो, तुझं गणित मला कळलं नाही, पण माझा विश्वास आहे. तो मोकळा असतो रे, लोक फेकत नाहीत!"

कावळा एक फांदी खाली आला. मालिनीकाकूंनी ज्ञानदाचा दंड धरला. कावळा गवतात उतरला, पिंडाभोवती अर्धी फेरी मारली आणि वॉल्टच्या खिशातून सांडलेला बटाट्याचा वेफर उचलून परत वर गेला.

"तत्त्वतः मान्यता दिसते," नकुल गुरुजी म्हणाले.

एवढ्यात वॉल्टनं अशी आरोळी ठोकली की सगळे गूज पाण्यात पडले. "घेतला! टिंडलला घेतला! चौथ्या फेरीत!" तो रडत होता. त्यानं गुरुजींना मिठी मारली, त्यांचं उपरणं खाली पडलं. मालिनीकाकूंनी हात जोडले. "सुटले बाई भाऊजी! झाली इच्छा पुरी!"

सगळ्यांनी वर पाहिलं. कावळ्यानं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"आता काय?" वॉल्ट हळूच म्हणाला. "कितव्या नंबरला घेतला, त्यावर नाराज आहे का?"

नकुल गुरुजींनी घड्याळ बघितलं. "ताई, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करायचा, तो पिंडाला लावायचा. झालं. इकडे पुष्कळ जण तसंच करतात."

"करून टाक गं," मालिनीकाकू म्हणाल्या. "माणसं सकाळपासून उपाशी आहेत."

ज्ञानदाचा कावळ्यावर विश्वास नव्हता. ह्या तळ्यावर किती कावळे, त्यांतल्या कितींना भात आवडतो, त्यावरून एखादा उतरायची शक्यता किती, हे तिच्या मनात केव्हाच मांडून झालं होतं. दर्भाचा कावळा म्हणजे जिथं नोंद नाही तिथं आपणच आकडा भरायचा. कंपनीत ती रोज ते करायची. पण बाबांना भरलेला आकडा चालत नसे. शेतावर न जाता कुणी उत्पन्न लिहिलं, तर ते कागद परत पाठवत आणि त्या माणसाला पुन्हा बांधावर उभं करत.

गुरुजींनी दर्भ वळायला घेतला होता.

"थांबा," ज्ञानदा म्हणाली.

ती झाडाखाली जाऊन उभी राहिली. बाबांचं अडलं होतं ते टिंडलपाशी नव्हतं, गळतीपाशीही नव्हतं, हे तिला कावळ्याआधी माहीत होतं. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. घरात बोलायचीही नव्हती.

"बाबा," ती म्हणाली. तिनं पुन्हा हाक मारली. "बाबा, तुमची काळजी वाटली म्हणून आणलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालासुद्धा. ते खरं नव्हतं. तुम्ही तिकडे मजेत होतात. मलाच त्या घरात एकटीला राहवत नव्हतं. संध्याकाळी दार उघडायचे आणि तशीच गाडीत जाऊन बसायचे. तिकीट मी बघणार नव्हते. ऑगस्टचं नाही, कधीचंच नाही. तुम्ही अडगळ नव्हतात, मला हवे होतात, बाबा."