पिशवीतलं नितळ पाणी

"सांगतो, पण यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर समजा मी गोष्ट नीट सांगितली नाही," असं म्हणून आबांनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर ठाण मांडलं.

पॅकिंगच्या खोलीत भिंतीला लागून माशांच्या टाक्या, मधे लांब टेबल, टेबलापाशी ऑक्सिजनचं सिलिंडर आणि पायाखाली कायमची ओल. हात थरथरायला लागल्यापासून आबांना इथे काम नव्हतं. पण मान होता आणि तोंड शाबूत होतं. त्यांच्या थापा ऐकताना खोकेवाल्याचा हात दुप्पट चालतो, असं त्यांची लेकच म्हणायची. या खोलीचा कारभार आता तिच्याकडे होता.

आज मात्र तिला थाप नको होती, एक शब्द हवा होता. दाराबाहेरच्या बाकावर तिचा मामा सकाळपासून येऊन बसला होता. पिळ्यामामा. पिशवीच्या गळ्याला त्याने पीळ देऊन रबर चढवलं, की थेंब गळायचा नाही आणि हवा सुटायची नाही, म्हणून हे नाव. बारा वर्षांपूर्वी त्याला याच खोलीतून हाकललं होतं. तेव्हापासून तो सायकलींची पंक्चरं काढत होता. गेल्या दोन रवानग्यांत पिशव्या गळल्या आणि मासे पोचले ते पोटं वर करून. मालकीणबाई म्हणाल्या, मामाला परत घे हवं तर, पण आबांनी हो म्हटलं पाहिजे. त्यांच्याच सांगण्यावरून काढला होता त्याला. लेकीने सकाळपासून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा आबांना खोकला आला. चौथ्यांदा विचारलं, तेव्हा खोकल्याऐवजी गोष्ट आली.

गोष्ट बारा वर्षांपूर्वीचीच. बारा डिस्कस मासे. बशीएवढे गोल, अंगावर निळ्या रेघा. पिळ्याने पाच वर्षं लेकरांसारखे वाढवलेले. लांबच्या एका प्रदर्शनाला निघाले होते, आणि ते खोकं मांडीवर घेऊन जायची जोखीम आबांवर होती.

माणसाला गाडी लागली की माणूस ओकतो, आबा सांगत होते. माशाला ती सोय नाही. तो काळा पडतो, पर अंगाला चिकटवतो, कोपरा धरतो आणि कल्ले असे हलवतो की जणू कुत्रं मागे लागलंय. धक्का, उजेड, गारठा, सगळं त्याच्या जिवावर येतं. म्हणून तर निघण्याआधी दोन दिवस कडकडीत उपास, म्हणून खोक्यात काळोख. खोकेवाल्याला हे सगळं पाठ होतं. तरी आबांच्या तोंडून ऐकायला त्याला गोडी वाटायची.

मग आबांनी रंग भरायला घेतला. वाटेत दरड कोसळली आणि गाडी दीड दिवस अडकून पडली. पण खोकं त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्याआधी रस्त्यात खड्डा आला, की आबा कमरेपासून वर उडायचे आणि मांडी जागच्या जागी. त्यांनी माशांना गाणी म्हटली. एक डिस्कस तर असा तालात बुडबुडे सोडायला लागला, की शेजारच्या सीटवरचा तबलजी खजील होऊन उतरून गेला. खोकेवाला हसला आणि खोक्याची चिकटपट्टी वाकडी लागली.

हसू कानावर पडलं, की आबांचा लगाम सुटायचा. त्या अडकलेल्या गाडीतही तेच झालं होतं; तेवढं मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कंटाळलेले प्रवासी भोवती गोळा झाले होते. हे मासे माझ्या हाकेला ओ देतात, अशी आबांनी फुशारकी मारली. दाखवा, लोक म्हणाले. आबांनी खोकं उघडलं, एकेका पिशवीचा पीळ सोडला आणि पाण्यात बोट घातलं. मासे बोटाला येऊन लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आबांनी रबरं जमतील तशी पुन्हा चढवली.

बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाणी जरा आंबट होतं, आणि तेवढ्यानेच माशाने पाण्यात टाकलेलं विष निजून राहतं. पिशवी उघडून वारा लागला, की ते जागं होतं. उघडली की मासा तडक ताज्या पाण्यात, नाहीतर उघडूच नका, हे या खोलीत पहिल्या दिवशी शिकवतात. शिकवणारे आबाच. त्या दिवशी भरलेला ऑक्सिजनही गेला आणि विषही जागं झालं. गाडी पोचली तेव्हा बाराच्या बारा डिस्कस पिशव्यांत आडवे झालेले होते.

परत आल्यावर आबांनी सांगितलं, की पिळ्याने मायेपोटी निघायच्या तोंडावर माशांना खायला घातलं. पोटातली घाण पाण्यात उतरली आणि मासे तिच्यात गुदमरले. पिळ्या एकच वाक्य बोलत राहिला, मी घातलं नाही. आबांपुढे त्याचं ऐकतो कोण? सख्ख्या बहिणीनेही नवऱ्याची बाजू घेतली आणि भावाशी बोलणं टाकलं. तिच्या शेवटच्या दुखण्यात तो उंबऱ्यापर्यंत आला, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. आबा उशाशी बसले होते. त्यांच्या एका वाक्याने ते तोंड परत वळलं असतं. तासन्तास बोलू शकणाऱ्या माणसाला ते एक वाक्य सुचलं नाही. आता तोच मेहुणा रोज टेबलापलीकडे उभा राहणार होता, आणि ते आबांना झेपणारं नव्हतं.

"अरे, काळजी म्हणजे किती घ्यावी," ते खोकेवाल्याला म्हणाले. "बाराही पिशव्यांत पाणी नितळ, आरसाच. शेवटच्या थांब्यावर मी त्यात बघून भांग पाडला. म्हटलं, मासे नटूनथटून निघालेत, आपणच का गबाळे जायचं?"

खोकेवाल्याने पोट धरलं. आबांनी हसू ओसरू दिलं आणि आवाज खाली आणला. पण काय उपयोग, म्हणाले. पिळ्याने पोटं भरून ठेवली होती, त्याला मी काय करणार? हात सोन्याचा आहे, नाही म्हणत नाही; पण सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही. अजून कबूल करत नाही. असा माणूस या खोलीत नको.

लेक टेबलाशी एक पिशवी भरत होती. तिने ऑक्सिजनची नळी काढली, गळ्याला पीळ दिला आणि रबर चढवलं. पिशवी टम्म फुगली होती. बाहेरचा बाक करकरला. मामा उठून दारात आला होता.

"आबा, खाल्लेल्या माशाचं पाणी दीड दिवसात कसं होतं?" तिने विचारलं.

"कसं म्हणजे?"

"तुम्हीच शिकवलंत. पोछा पिळल्यासारखं. आणि बाराही पिशव्यांत आरसा होता म्हणता."

"अगं, गोष्ट आहे. थोडा मीठमसाला लावावाच लागतो."

तिने ती बंद पिशवी उचलली आणि आबांच्या मांडीवर ठेवली. आतला मासा दचकून कोपऱ्यात गेला. प्लास्टिकवर खोलीतल्या दिव्याचे नुसते तुकडे चमकत होते.

"घ्या, यात बघून भांग पाडा," ती म्हणाली. "आणि बंद पिशवीत तोंड दिसत नसेल, तर मामाच्या पिशव्या वाटेत कोणी उघडल्या ते त्याला सांगा. तो समोरच उभा आहे."