रुक्माबाईचा मोरचूद

सून गोड बोलायला लागली की रुक्माबाई सावध व्हायची. "आई, तुम्ही बसा, मी बघते," असं सौम्या म्हणाली, की ही नेमकं काय बघते ते बघायला रुक्माबाई उठलीच म्हणून समजा.

कारणही तसंच होतं. हिंडलग्याच्या शिवारातला तिचा दीड एकर ऊस गेल्या साली हुमणीनं खाल्ला. हुमणी म्हणजे जाड, पांढरी अळी. जमिनीत राहून मुळं कुरतडते, आणि वरचं उसाचं बेट धरून ओढलं की सगळंच्या सगळं हातात येतं. बंगळुरूला नोकरीला असलेल्या विक्रमनं, तिच्या एकुलत्या एका मुलानं, फोनवर सांगून टाकलं होतं, की यंदाही ऊस गेला तर शेत मारुतीरावांना द्यायचं. मारुतीराव प्लॉट पाडून विकायचे. विक्रम असं बोलणाऱ्यातला नव्हता. त्याचे कान कुणीतरी भरले होते, आणि कान भरणारं घरात दुसरं होतंच कोण?

सौम्या शहरात, कॅम्प भागातल्या एका शाळेत सायन्स शिकवायची. शाळेतून आली की शेताच्या चारी कोपऱ्यांतून मोबाइलवर फोटो काढायची. गिऱ्हाइकाला दाखवायला नाहीतर कशाला? एकदा मारुतीराव दारात आले, तर तिनं त्यांना चहा दिला, वर साखर बरोबर आहे का तेही विचारलं. विक्रमशी फोनवर तावातावानं बोलायची आणि सासू आत आली की गप्प.

जूनमध्ये तिनं नवंच खूळ काढलं. कुठल्याशा शेती शिबिराला जाऊन पुडे घेऊन आली. त्यांच्यावर कन्नडात लिहिलेलं. रुक्माबाईला कन्नड बोलता यायचं, वाचता नाही.

"काय हाय गं ह्यात?"

"बुरशी, आई. शेणखतात मिसळून आठवडाभर ओलीत ठेवायची. चांगली वाढली की उसाच्या मुळाशी घालायची. हुमणीला ती लागती आणि हुमणी मरती."

"आणि ऊस?"

"उसाला काय होत न्हाय."

जिचा जन्म बुरशी मारण्यात गेला, तिला हे सांगायचं! बटाट्यावर करपा आला की मोरचूद-चुना फवारायचा, हे त्या घरात पोरासोरांनाही ठाऊक. बुरशी दिसली की हात मोरचुदाच्या डब्याकडेच जायचा. आणि ही बया ती विकत आणून पोसणार, म्हणे उसासाठी!

आंब्याखाली ढीग लागला, वर ओली पोती पडली. सहाव्या दिवशी सौम्या शाळेला गेल्यावर रुक्माबाईनं एक पोतं उचललं. खाली पांढरी बुरशी दाटलेली आणि तिच्यावर हिरवट झाक. हे मुळाशी पडलं की ऊस संपला, ऊस संपला की शेत संपलं. डाव साधा होता आणि तो तिला आता लख्ख दिसला.

जाब विचारला असता तर सून गोड हसली असती. म्हणून तिनं विचारलंच नाही. बॅरलभर मोरचूद-चुना कालवला, ढीग खोऱ्यानं वरखाली करून तो नीट भिजवला, आणि पोती होती तशी झाकली.

संध्याकाळी सौम्या ढिगाजवळ वाकून बराच वेळ बघत राहिली. "आई, हे कुणी हलवलं?"

"कोंबड्यांनी उकरलं असंल."

सौम्यानं ते खरं मानलं. बुरशी आत मिसळली असेल असं म्हणाली, आणि दोन दिवसांनी बाया लावून ते खत सगळ्या उसाला घातलं.

गणपती गेले आणि ऊस पिवळा पडायला लागला. रुक्माबाई आधी मनात म्हणाली, बघा, शेवटी बुरशीनं खाल्लाच. मग तिनं एक बेट ओढलं. ते अलगद वर आलं. खाली मातीत सात-आठ हुमण्या वळवळत होत्या, गुबगुबीत, धडधाकट. बुरशीचा मागमूस नव्हता.

मागून आलेली सौम्या ते बघून बांधावर बसली.

"चूक माझी, आई. विक्रम गेल्या सालीच इकायला निघालेला. मी भांडून एक वरीस मागून घेतलं. फोनवर रोज तेच भांडण. शिबिरातल्या सरांना आधीपासनंच फोटो धाडत हुते, ऊस कुठं कुठं वाळतोय ते कळावं म्हणून. ह्या औषधाच्या जिवावर शब्द दिलता मी त्याला. आता मारुतीरावांना व्हय म्हण, असं सांगते."

रुक्माबाईनं हातातलं बेट खाली टाकलं.

"ढिगावर मी मोरचूद वतला," ती म्हणाली.

सौम्यानं मान वर केली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं सासूचा हात धरला. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय न्हवं? लई मोठं मन हाय तुमचं."

इथं गप्प बसायची सोय होती. मोठ्या मनाची सासू म्हणून भाऊबंदांत मिरवता आलं असतं. फक्त शेत गेलं असतं, आणि ही पोर जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती.

"न्हाय गं. बॅरलभर वतला. मला वाटलं, तू ऊस मारून शेत इकायला लावणार. तुझा संशय हुता मला. तू ह्या घरात आल्यापासनं."

हातातला हात सुटला. सौम्यानं उठून बांधावरूनच विक्रमला फोन लावला. "औषध वाईट न्हवतं. अजून एक वरीस थांब. न्हाय, कसं ते इचारू नको. आणि आईंना काय बोलू नको."

शेत राहिलं. पुढच्या जूनला ढीग पुन्हा लागला, या खेपेला गोठ्याशेजारच्या खोलीत. खिडकी हवेसाठी उघडी होती आणि दाराला नवं कुलूप. किल्ली सौम्याच्या पर्समध्ये असायची, ती शाळेला जायची तेव्हाही.

एका संध्याकाळी रुक्माबाई पाण्याची कळशी घेऊन दारापाशी आली. "शिंपडू का गं? वाळलं असंल."

"द्या इकडं, आई." सौम्यानं कळशी हातातून घेतली, आत गेली आणि दाराला आतून कडी लावली.

रुक्माबाई बाहेरच उभी राहिली. रागावायला तिच्याकडे तोंड नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.