पार्किंगच्या पाटीची साक्ष

मी एक जुनी पाटी आहे. पिवळी, पत्र्याची, चार स्क्रूंनी विटांच्या भिंतीला आवळलेली. इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या आमच्या गावात औषधांचे दुकान, तळलेल्या माशांचे दुकान आणि कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचे दुकान अशी तीन दुकाने एका ओळीत आहेत. त्यांच्यासमोरची गाड्या लावायची जागा एक खाजगी कंपनी सांभाळते आणि मी त्या कंपनीची आहे. मित्रांनो, अशी पाटी तुम्ही पाहिली असेलच. वाचली मात्र नसेल. मला कोणी वाचत नाही, आणि कोणी वाचू नये म्हणूनच मला घडवले आहे.

माझ्या जन्माची गोष्ट मला अजून आठवते. छापखान्यात माझ्या कपाळावर आधी 'पार्किंग मोफत' ही ठसठशीत अक्षरे उमटली. त्याखाली जरा लहान अक्षरांत 'फक्त दीड तास'. आणि अगदी तळाशी एक ओळ, की एकदा बाहेर गेलेली गाडी दोन तासांच्या आत परत आणू नये, आणल्यास दंड पडेल. ती ओळ पाहून छापणारा म्हणाला, "ही जरा मोठी करू का? मुंगीलासुद्धा चष्मा लागेल."

कंपनीचा माणूस ट्रँटर मला न्यायला आला होता. तो म्हणाला, "मोठी केली तर लोक वाचतील ना, राजा."

असे माझे बारसे झाले. त्यानंतर मी कामाला लागले. खरे तर काम फाटकावरचा कॅमेरा करतो. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या गाडीचा नंबर तो टिपतो. मी नुसती भिंतीवर असते. पण कोणी तक्रार केली, की कंपनी माझा फोटो पुढे करते आणि म्हणते, 'पाटीवर लिहिले होते.' माझे नाणे खणखणीत असल्याशिवाय कॅमेऱ्याची सगळी टिपणे फुकट आहेत. तापाने फणफणलेल्या लेकराचा बाप, रात्रपाळी करून गाडीतच डोळा लागलेली नर्स, लंगड्या कुत्र्याला उचलून नेणारा म्हातारा, सगळे माझ्यासमोरून गेले आणि सगळ्यांना नोटीस गेली. मला त्यांची कीव आली नाही. पाटीला कीव आली तर तिने करायचे काय?

सुरुवातीला ट्रँटर मला 'आमची सोन्याची कोंबडी' म्हणायचा. पण नव्याचे नऊ दिवस. मग पाऊस, धूळ, समुद्रपक्ष्यांची विष्ठा हे सगळे माझ्या वाट्याला आले. भिंतीवरची आयव्हीची वेल हळूहळू माझ्या डाव्या अंगावर चढली. इतकी वर्षे मी त्या कंपनीला पोसले, पण एकदाही कोणी फडके घेऊन आले नाही.

आता बेरिलबद्दल सांगते.

बेरिल ऑर्मरॉड ही सत्तरी ओलांडलेली बाई डोंगरावरच्या घरात एकटी राहते. नवरा गेला, तो टेकडीपलीकडच्या दफनभूमीत आहे. चर्चमध्ये फुले लावायचे काम तिच्याकडे आहे, म्हणून तिच्या छोट्या निळ्या गाडीत छाटायची कात्री आणि सुतळीचा गुंडा कायम असतो. रांगेत कोणी तिच्या पायावर पाय दिला, तर माफी तीच मागते. इथली बरीच माणसे अशीच आहेत. कंपनीचा संसार त्यांच्यावरच चालतो.

माझ्याखाली एक बाक आहे. लोक त्यावर बसून बोलतात, म्हणून मला सगळ्यांच्या घरच्या गोष्टी ठाऊक असतात. हिवाळ्यात बेरिलची गाडी तिच्याच फाटकाच्या खांबाला घासली होती. तेव्हा मँचेस्टरहून तिचा मुलगा रसेल आला आणि म्हणाला, "आई, आता आणखी एक भानगड झाली ना, की किल्ली माझ्याकडे." डोंगरावर बस जात नाही. किल्ली गेली की चर्च गेले, फुले गेली, नवऱ्याची कबरही गेली. म्हणून बेरिल जपून राहत होती.

एके दिवशी ती औषधे घेऊन घरी गेली आणि पिशवी उघडून बघते तर आत भलत्याच माणसाच्या हृदयाच्या गोळ्या. बिचारा कोणीतरी खोळंबला असेल म्हणून ती तशीच माघारी आली, गोळ्या देऊन लगेच गेली. दोन तासांच्या आत. कॅमेऱ्याने नंबर टिपला. बऱ्याच दिवसांनी तिच्या घरी नोटीस पडली.

एका शुक्रवारी ती आणि तिचा शेजारी क्लिफर्ड टॅटरसॉल माझ्याखाली येऊन बसले. क्लिफर्डला स्वतःला तीनदा नोटीस आली होती आणि त्याने तिन्ही वेळा कंपनीला पाणी पाजले होते. ते तो भेटेल त्याला ऐकवायचा. बेरिलने कंपनीला पहिले पत्र त्याला न विचारता पाठवले होते, आणि कंपनीने ते फेटाळले होते.

"काय लिहिलं होतंस त्यात?" क्लिफर्डने विचारले.

"नीट सभ्यपणे लिहिलं रे. आधी माफी मागितली. म्हटलं, त्या दिवशी गाडी मीच चालवत होते, पण गोळ्या परत द्यायच्या होत्या. औषधवाल्या मुलीची चिठ्ठीपण जोडली."

क्लिफर्डने डोळे मिटले. "गाडी मीच चालवत होते, हे तुला कोणी विचारलं होतं का?"

"विचारलं नव्हतं. पण सांगायला नको?"

"अगं बाई, नोटीस उशिरा आली ना तुझी. चौदा दिवसांत घरी पोचली नाही, तर गाडीच्या मालकाला धरता येत नाही त्यांना. मग फक्त चालवणाऱ्याला धरायचं. आणि चालवत कोण होतं ते त्यांना काय ठाऊक? कॅमेऱ्याला नंबर दिसतो, तोंड दिसत नाही. 'गाडी माझ्या नावावर आहे, नोटीस उशिरा आली, दंड मान्य नाही.' एवढं लिहून गप्प बसायचं होतंस."

"पण चालवत तर मीच होते."

"हो ना. आणि फाशीच्या दोराला साबणही तूच लावून दिलास."

बेरिलने हातमोजे काढून मांडीवर नीट जुळवून ठेवले. मग म्हणाली, "सॉरी, क्लिफर्ड."

"मला कशाला सॉरी म्हणतेस?"

"आणि त्या गोळ्यांचं काहीच नाही का रे? कोणाचा जीव गेला असता."

"दयामाया चालत नाही त्यांच्याकडे. कंपनीकडे नाही आणि कंपनीच्या वर जे पंच असतात त्यांच्याकडेही नाही. पंच फक्त नियम बघतात. आता एकच वाट राहिलीय. पंचांना सांगायचं की पाटी वाचताच येत नव्हती. बघ वर."

दोघांनी वर पाहिले. माझे अर्धे अंग आयव्हीने झाकले होते. उरलेल्या अर्ध्यात, नेमकी तळाच्या ओळीवर, पक्ष्याची विष्ठा वाळून बसली होती.

"दोन तासांचं काही दिसतंय?"

"नाही बाई. एक अक्षर नाही."

"मग जिंकलीस तू. फोटो काढ आणि फोनवरनंच पंचांना पाठव. आजच शेवटचा दिवस आहे. एकदा पाठवलं की बदलता येत नाही, तेव्हा पाटी नीट आली पाहिजे फोटोत. मी मासे घेऊन येतो. व्हिनेगर घालू का?"

"थोडंसं. मीठ नको."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तो फोटो गेला असता तर मी कुचकामी ठरले असते. ट्रँटरने मला उपटून भंगारात टाकले असते. बेरिलने फोन उचलला, माझ्याकडे रोखला, आणि खाली घेतला.

"शी, काय अवतार झालाय गं तुझा," ती मला म्हणाली. "पंच बघणार म्हणजे मोठी माणसं बघणार. असा फोटो पाठवतात होय?"

ती गाडीकडे गेली आणि कात्री घेऊन आली. एकेक फांदी तिने अलगद कापली, भिंतीवरची मुळे सोडवली, पानांचा कचरा खाली पडू नये म्हणून पिशवीत भरला. मग रुमालाचे टोक जिभेला लावून ओले केले, एका हाताने माझी खालची कड धरली, आणि शाळेत निघालेल्या पोराचे तोंड पुसावे तसे माझे तोंड पुसले. आधी कपाळ, मग गाल. शेवटी तळाची ओळ. ती विष्ठा निघेना, तेव्हा तिने नखाने खरवडून काढली. 'दोन तासांच्या आत परत आणू नये' हे शब्द तिच्या नाकासमोर लख्ख झाले. तिने ते वाचले आणि मान डोलावली.

मला फार बरे वाटले, खोटे कशाला सांगू? इतक्या वर्षांत मला कोणी हात लावला नव्हता.

मग तिने फोटो काढला. इतका स्वच्छ फोटो माझा आजवर निघालेला नाही. तिने तो लगेच पाठवून दिला.

क्लिफर्ड गरम पुडकी छातीशी धरून आला. त्याने मला पाहिले. मग बेरिलच्या पिशवीतून डोकावणारी पाने पाहिली.

"बेरिल, पाठवलास फोटो?"

"पाठवला. पोचल्याचं उत्तरही आलं. फार भली माणसं दिसतात."

"आधी पाठवलास की... हे झाल्यावर?"

"झाल्यावर. आधी काय पाठवायचं होतं त्यात? नुसता पाला होता."

क्लिफर्ड बाकावर बसला. पुडके उघडलेच नाही त्याने. "आता काय करू? डिंक आणून पाला परत चिकटवू का?"

तेव्हा तिला कळले.  दोघांमध्ये मासे गार होत होते. थोड्या वेळाने क्लिफर्ड घड्याळाकडे बघत म्हणाला, "चल, दीड तास होत आला. आणखी एक नोटीस नको." गाडीत बसताना बेरिलने पाल्याची पिशवी मांडीवर घेतली होती.

पंचांचा निकाल सरळ होता. अर्जदार बाईंनी स्वतःच काढलेल्या फोटोत पाटी स्वच्छ, मोकळी आणि वाचता येण्याजोगी आहे. दंड कायम. शनिवारी रसेल आईकडे चहा घेत असताना कंपनीचे मागणीपत्र दाराच्या फटीतून आत पडले आणि ते त्यानेच उचलले. पैसे त्याने भरले. किल्ली त्याने खिशात टाकली.

ट्रँटर नव्या सोबत्याला घेऊन मुद्दाम मला बघायला आला. "हिचा हा फोटो बघ," तो म्हणाला. "म्हातारीने कात्री लावून, थुंकीने पुसून काढलाय, मासेवाल्याने पाहिलं. आपल्याला जमला नसता." दोघे पोट धरून हसले. तो फोटो ट्रँटरने या जागेच्या प्रत्येक प्रकरणाला जोडायला सुरुवात केली. पाटी किती निगुतीने राखली आहे, याचा पुरावा म्हणून. त्या फोटोवर रात्रपाळीची नर्स हरली, कुत्रेवाला म्हातारा हरला. नर्स आणि बेरिल चर्चमध्ये एकाच रांगेत बसायच्या. तेव्हा हे बेरिलच्या कानावर गेले असणारच.

वसंत ऋतू आला. आता बेरिल रसेलच्या गाडीतून येते, शेजारच्या सीटवर बसून. "आई, तू बसूनच राहा, मी गोळ्या आणतो," असे म्हणून तो एकदा आत गेला. ती उतरली आणि सावकाश माझ्यापाशी आली. मला वाटले, रुमाल काढेल. माझ्यावर पुन्हा धूळ बसली होती.

तिने कोटाच्या खिशातून सुतळी काढली. आयव्हीला नवी फूट आली होती. चर्चमधली फुले बांधावीत तसे तिने ते कोवळे शेंडे एकेक करून माझ्यावरून ओढून घेतले आणि माझ्याच स्क्रूंना बांधले. गाठी पक्क्या होत्या. शेवटचे पान तळाच्या ओळीवर आले.

"सॉरी हं, बाळा," ती म्हणाली. मग थर्मासमधला गार चहा वेलीच्या मुळाशी ओतला आणि रसेल यायच्या आत गाडीत जाऊन बसली.

ती दर खेपेला चहा ओतते. वेल आता माझ्या कपाळापर्यंत आली आहे. परवा एक तरुण बाई हातात नोटीस घेऊन आली. तिने फोन उचलला आणि फोटो छान यावा म्हणून माझ्यावरची पाने बाजूला करायला हात पुढे केला. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात रसेलच्या गाडीची काच खाली झाली.

"अगं, हात लावू नकोस," बेरिल म्हणाली. "आहे तसाच काढ. आणि गाडी कोण चालवत होतं ते लिहू नकोस."

त्या बाईने हात मागे घेतला.

मित्रांनो, मी कधी खोटे बोलले नाही. माझ्यावर होते तेच मी सांगितले. जुन्या वस्तूंची निगा राखावी, असे तुम्हाला शाळेत शिकवतात ना? मग तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्यावरची ही पाने दूर करा. फडके नसले तर रुमाल ओला करून पुसा, मला चालेल. पण ती गाडीत बसलेली नसताना या.