उचलून लाय!

"दाराक हात लायलंस तर बघ!" सत्यवान ओरडला.

ते दार दुरुस्त करायला त्यानेच मघाशी जीप जामसंड्याला आणून आंतोनच्या गॅरेजमध्ये उभी केली होती.

"हात लायल्याशिवाय कसा करू?" आंतोनने पान्हा खाली ठेवला. "चर्चातल्या सायबिणीक मागणा घालू?"

"हातोडो मारूचो नाय, म्हणतंय मी!"

जीप जुनी, विजयदुर्ग मार्गावर माणसं नेणारी. तिचं पुढचं डावं दार बिजागरीतून अंगठाभर खाली उतरलं होतं. ते खालून उचलायचं आणि मग ओढायचं. नुसतं ओढलं तर लागल्यासारखा आवाज येई, लागत नसे. सत्यवान चढणाऱ्या प्रत्येकावर खेकसे, "उचलून लाय!" देवगडात बदलून आलेल्या एका साहेबांना मालवणीतलं सर्वात आधी हेच समजलं.

आंतोन कित्येक वर्षं सांगत होता, पिना झिजल्यात, बदलून घे. उत्तर ठरलेलं: "दार बरा आसा. माणसा वायट आसत."

त्या दाराजवळची जागा तुळसाची, त्याच्या बायकोची. साऱ्या रस्त्यावर तिच्या एकटीवर त्याला ओरडावं लागत नसे; ती न सांगता उचलून लावी. पण लकव्यात तिचा डावा हात गेला. हाताच्या व्यायामासाठी तो तिला देवगडला दवाखान्यात नेऊ लागला. गेल्या सोमवारी वळणावर दार उघडलं. मागच्या सीटवरच्या, वाडीतल्या सर्वेशने तिचा दंड धरला म्हणून ती गाडीत राहिली. सत्यवानने ब्रेक मारला आणि भरल्या गाडीत ओरडला, "उचलून लाय म्हणान कितीदा सांगूचा गो तुका?"

तुळसा उतरली, चालत घरी गेली.

"ह्या गाडयेत मी परत बसूचंय नाय," एवढं तिने रात्री सांगितलं. दुसऱ्या गाडीतही बसली नाही. हात मांडीवर ठेवून दिवसभर ओटीवर बसे. व्यायाम सुटला तर बोटं कायमची आखडतील, असं डॉक्टर म्हणाले होते. सत्यवान डॉक्टरवरही ओरडून आला.

आंतोनने दाराखाली गोणपाट टाकून जॅक लावला आणि जुनी पिन ठोकून काढली.

"ही बघ. उंदरान कुरतडल्यासारखी."

"माका दाखव नको. बसव नवी."

नवी बसली. सत्यवानने दार ओढून पाहिलं. "घासता अजून! ह्येका काम म्हणतत?"

"माझ्यार कित्याक बोंबलतंस?" आता आंतोनही भडकला. "घराकडे तोंड उघडणा नाय म्हणान?"

सत्यवानने पान्हा उचलला. आंतोन हलला नाही. तेव्हा सत्यवान पान्ह्याकडेच बघत म्हणाला, "एका बोटान लागाक व्हया, मेल्या. तिच्या हातात जोर नाय."

आंतोनने बसवलेलं सगळं सोडलं आणि पुन्हा बसवलं.

"तुझ्या बाजूचा पण लोंबता. करू?"

"नको. ता बरा आसा."

दुपारी जीप घरापुढे उभी राहिली. सत्यवानने डावं दार सताड उघडलं आणि वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "चल गो! डॉक्टर काय तुझी वाट बघीत बसतलो?"

तुळसाने ओटीवरून पाहिलं, दार आता खाली लोंबत नव्हतं. मग आली, बसली. उजवा हात अंगावरून पलीकडे नेऊन तिने दार धरलं आणि सवयीने खांदा वर घेतला.

"उचलू नको!" तो किंचाळला. मग हळू म्हणाला, "नुसता ओढ. डाव्यान."

तिने डाव्या हाताचं वाकडं बोट कडीत अडकवलं. दार लागलं. आवाज असा आलाच नाही. तिने ते खांद्याने ढकलून पाहिलं. उघडलं नाही.

तो वळसा घालून आपल्या बाजूने चढला.

"आणि तुमचा?" तिने विचारलं.

"दार बरा आसा," सत्यवान समोर बघत म्हणाला. "माणूस वायट आसा."

आणि त्याने आपलं दार खालून धरलं, उचललं, लावलं.