बुधवारची भुताळी

खैरपाड्याच्या समाजमंदिरात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांना ताडपत्र्या बांधून अंधार केला होता, भिंतीवर धुतलेली चादर ताणली होती, आणि तिच्यासमोर पाटावर, झेंडूची माळ घालून, कुंकवाचा टिळा लावून विराजमान झाला होता एक लॅपटॉप. त्याला उदबत्तीही ओवाळून झाली होती. मात्र धुराने आतला पंखा बिघडतो हे बाबाला ठाऊक असावं, कारण देवाला ओवाळताना तो चांगला दोन हात लांब उभा होता.

बाबाचं नाव सोमेश्वर. काही वर्षांपूर्वी हा गृहस्थ डहाणू रोडला मोबाइलची कव्हरं विकायचा. आता अंगात भगवं जाकीट, गळ्यात पेनड्राइव्हची माळ, आणि पदवी 'संगणक-भगत'.

"ऐका रे बाबांनो! जुना भगत दाणे टाकून बघायचा. भगताला जरा चढली, की एका दाण्याचे दोन दिसायचे! पण यंत्राला ना आई ना बाप, ना भाऊ ना भावकी. ते कुणाची बाजू घेणार? यंत्र झूठ नाय बोलत!"

"नाय बोलत!" समाजमंदिर दणाणलं.

दाराशी योगिता धापा टाकत उभी होती. ती जवळच्या आश्रमशाळेत शिकवायची, मसोलीहून रोज ये-जा करायची. आरोग्य उपकेंद्रातल्या रुचिका सिस्टरने फोन केला म्हणून ती वर्ग सोडून धावत आली होती. या पाड्यावर तिचा जीव होता. इथली बोली जपावी म्हणून तिने घरोघर बसून लोकांच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या आणि बोलल्या तशाच टाइप केल्या होत्या. लग्नाच्या, खेकडे धरायच्या, भुताखेतांच्या, आजारपणाच्या, जी निघेल ती गोष्ट. पाड्याची वस्तू पाड्याजवळ राहावी म्हणून तो सगळा साठा तिने ग्रामपंचायतीच्या संगणकात ठेवला. तोच साठा बाबाने उचलला होता आणि आता यंत्राला 'नैवेद्य' म्हणून खाऊ घातला होता.

पुढे चिमण बसला होता. भाद्रपदात त्याची रूपी तापाने गेली. सहा वर्षांची पोर. तेव्हापासून पाड्यात कुजबूज सुरू होती, की पोरीला कुणा भुताळीने, म्हणजे चेटूक करणाऱ्या बाईने, खाल्लं. आणि एवढ्या गर्दीतही एका कोपऱ्यात जागा मोकळी होती. तिथे चिमणची चुलती बुधीबाई एकटी बसली होती. यंत्राने जिचं नाव घेतलं तिने दिवस मावळायच्या आत पाडा सोडायचा, असं ठरलं होतं. कुजबूज कुणाच्या नावाची आहे हे तिला माहीत होतं, म्हणून म्हातारी गाठोडं बांधूनच आली होती.

"हे यंत्रदेवा," बाबाने टायपिंग करता करता हाक घातली, "एवढ्या गोष्टींतून तापाच्या तेवढ्या निवड!" चादरीवर अक्षरांच्या रांगा सरकल्या. "आता त्यातून करणी करणारणीचं नाव काढ!"

चादरीवर लाल शब्द उमटले. एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत: बुध. बुध. बुध. बुध.

"मी नाय बोलत! यंत्र पण स्वतःचं नाय बोलत! हे तुमच्याच तोंडचे बोल हायत!"

बायका ओरडल्या. चिमण ताडकन उठला. बुधीबाईने चादरीकडे पाहिलं, पण तिला वाचता येत नव्हतं. शेजारणीने ते वाचून दाखवलं, तेही लांबूनच.

"मीच असन," म्हातारी पुटपुटली, "तर मलाच कशी ठाव नाय?"

योगिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्या निर्दोषपणाचा त्या बाईलाच भरवसा राहिला नव्हता! गर्दीतून वाट काढत ती पुढे झाली.

"चिमणदादा, रूपीची गोष्ट तुम्ही मला सांगितली होती. पुन्हा सांगाल?"

"आता कशाला बाय?"

"पहिलं वाक्य तेवढं."

चिमण म्हणाला, "बुधवारी बाजारातून आलो, तवा पोरीचं आंग तापलेलं..." आणि तो थांबला.

"ठकीआजी, तुमच्या तापाची गोष्ट?"

"काय गं, बुधवारची तर गोष्ट. सुकी मासळी घेऊन आले आन्..." ठकीआजीनेही तोंडावर हात ठेवला.

"जीवन, तुझी?"

"बुधवार," जीवन म्हणाला. पुढे बोलायची त्याला गरजच पडली नाही.

पाड्यात तारखा कोण सांगतो? नाक्यावरचा बुधवारचा बाजार हेच इथलं कॅलेंडर. लग्न ठरलं ते बुधवारच्या आधी, म्हैस व्याली ती बुधवारच्या नंतर.

"बाबाने यंत्राला 'बुध' ही अक्षरं शोधायला सांगितली," योगिता म्हणाली. "त्याने ती शोधली. पुढचं 'वार' बाबाने तुम्हाला दाखवलं नाही. यंत्राला काय कळतं, वार कोणता आणि बाई कोण? बुधीमावशी, तुमचं नाव बुधी कसं पडलं?"

"बुधवारी जन्मले म्हणून," म्हातारी म्हणाली.

बाबा उखडला. "मास्तरीणबाई, देवाची परीक्षा बघू नका! शक्ती कोपेल!"

"बरं. मग तुमच्या शक्तीला 'सोम' शोधायला सांगा."

"ते कशापायी?"

"असंच. यंत्राला ना भाऊ ना भावकी, असं तुम्हीच म्हणालात."

बाबाने लॅपटॉपवर हात ठेवला तो काही काढेना. पण साठा योगिताच्या मोबाइलमध्येही होता. तिने त्याच तापाच्या गोष्टी काढल्या, 'सोम' टाकलं आणि मोठ्याने वाचत सुटली. सोमवारी दवाखान्यात नेलं. सोमवारी डॉक्टर आला. सोमवारी सुई दिली. उपकेंद्रात डॉक्टर सोमवारी येतो, त्यामुळे तापाच्या गोष्टींत 'बुध'पेक्षा 'सोम'च जास्त निघाले.

"यंत्र झूठ बोलत नाही ना, सोमेश्वरबाबा?" रुचिका सिस्टर मागून म्हणाली. "मग पोरांना खाणारा कोण निघाला?"

आधी ठकीआजी फिस्सकन हसली, मग सगळं समाजमंदिर हसलं. बाबा चार्जर गुंडाळायला लागला.

योगिताला मात्र हसू येत नव्हतं. कोपऱ्यात सूप होतं, त्यात प्रसादाचे तांदूळ होते. तिने ते उचललं. "तुम्ही तांदूळ निवडता ना? यात चार-दोन लाल दाणे आहेत. मी तेवढेच वेचून मुठीत धरले आणि म्हटलं, बघा, सगळं शेत लालच पिकलं! तर? दाणा खोटा नाही. निवड खोटी आहे. तुमच्या गोष्टी खऱ्या होत्या. त्यातल्या कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या टाकायच्या, हे यंत्राने नाही, या माणसाने ठरवलं."

लोक सुपात डोकावू लागले. तिला वाटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात चिमणचे डोळे चमकले.

"म्हंजे बाजारातच काय तरी हाय! सरबतवाला! मीच पोरीला सरबत पाजलं त्या दिशी..."

"सरबतवाला!" दोघं-तिघं उठले. "आमी पण प्यायलो! धरा त्याला!"

एक भुताळी सुटली नाही तोच हे दुसरी शोधायला निघाले होते, आणि योगितानेच दिलेल्या 'बुधवारा'च्या आधाराने.

"थांबा!" ती जीव खाऊन ओरडली. "सरबत प्यायलं आणि ताप आला नाही, असं कुणी आहे का इथे? हात वर करा."

आधी एक हात वर आला, मग दुसरा, मग निम्म्या समाजमंदिराचे.

"यांना विचारलं होतं कुणी? यांच्या गोष्टी तुमच्या मुठीत नव्हत्याच."

"मंग माझी पोर कशानं गेली?" चिमणचा आवाज फुटला. "सांग ना बाय. तू शिकलेली ना?"

"मला माहीत नाही, दादा."

एका बापासमोर हे म्हणणं किती जड जातं! बाबाने एका दुपारी उत्तर दिलं होतं, नावानिशी. तिच्याकडे नुसतं 'माहीत नाही' होतं. "सिस्टर रक्त तपासतील. विहिरीचं, बाजाराचं, सगळीकडचं पाणी तपासायला पाठवू. आजारी पडले त्यांना विचारू, नाही पडले त्यांनाही विचारू. वेळ लागेल. पण तोवर कुणाचंही नाव घ्यायचं नाही."

चिमण मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. सिस्टरने फोन करून बोलावलेले पोलीस बाबाला घेऊन गेले. जादूटोण्याविरुद्धचा कायदा लॅपटॉपवाल्या भगतालाही लागू होतो. बुधीबाई गाठोडं उचलून आपल्या घरी परतली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या बुधवारी योगिता बाजाराच्या जीपमध्ये चढली. जीप खच्चून भरली होती, माणसं मागे लोंबकळत होती, आणि बुधीबाईच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. योगिता तिच्याजवळ बसली. थोड्या वेळाने चिमण आला, घुटमळला, आणि दुसऱ्या बाजूला बसला. पण त्याने तोंड बाहेरच ठेवलं.

जीप सुटल्यावर म्हातारीने हळूच विचारलं, "बाय, तुझ्या त्या यंत्रात माझं नाव बदलता येईल काय?"

योगिताने म्हातारीचा हात घट्ट धरला. "नाव तुमचं राहू द्या, मावशी. बदलायचं ते आम्ही बदलू."

बदलायचं ते फार नाही. भगत दाण्यांचा असो की यंत्राचा, तो मूठ उघडून दाखवायला लागला, की मान डोलावण्याआधी त्याला एवढंच विचारायचं: निवडलेलं दिसलं, बाबा. टाकलेलं कुठंय?