मी पुसलेला चेहरा

सन दोन हजार बावीस, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. थंडी सरली होती, उन्हाला अजून धार आली नव्हती. त्या दिवशी दुकानदाराने मला खोक्यातून बाहेर काढलं. मी मोबाईल फोन बोलतोय. जास्तीचं बोलायची मला सवय नाही. घडलं तेवढं सांगतो.

मला घेतलं ते लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईने. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घरात ती, कुलपं दुरुस्त करणारा तिचा नवरा आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळे आई म्हणायचो. आईंनी चाळीस वर्षं कारखान्यात गणवेशांना काजं केली. आता सकाळचं त्यांना दुपारी आठवत नसे.

मी दोनदा जिन्यावरून पडलो. काचेला तडा गेला, पण काम अडवलं नाही. समोर दिसेल ते तसंच दाखवायचं, हा माझा बाणा. तो मोडला फोटो दुरुस्त करणाऱ्या एका ॲपने.

आईंच्या पंचाहत्तरीला सुनेने त्यांना खिडकीपाशी बसवून फोटो काढला. हनुवटीवर एक पुरळ आलं होतं, तेवढं घालवायचं होतं. ते गेलं. तिथेच थांबायचं, पण माणसाचं बोट थांबत नाही. सुरकुत्या गेल्या, डोळे पांढरेशुभ्र झाले, कपाळावरचा इस्त्रीच्या चटक्याचा जुना व्रण गेला. गळा तेवढा पंचाहत्तरीचा राहिला.

"आई, बघा कशा दिसताय!"

आईंनी मला हातभर लांब धरलं. "कोण गं ही?"

"अहो, तुम्हीच!"

"मी? मग माझा चष्मा हिने का घातलाय?"

सगळे पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू, मीही मनात फुशारलो.

पुढच्याच मंगळवारी दुपारी दार उघडं राहिलं आणि आई निघून गेल्या. त्यांना घरचा पत्ता सांगता येत नव्हता. रस्ता ओलांडताना गाडी बघायचंही भान नसे. नवरा मला घेऊन धावत सुटला, मागून सून. दिसेल त्याच्या नाकासमोर तो मला धरी.

"यांना पाहिलंत का?"

औषधवाला म्हणाला, "या तर पन्नाशीच्या दिसतात. तुम्ही म्हातारी हरवली म्हणताय ना?"

माझी बॅटरी अकरा टक्क्यांवर आलेली. बस थांब्यावर तिकीट देणाऱ्या बाईने मला डोळ्यांजवळ नेलं.

"दादा, म्हाताऱ्या इथे दिवसभरात पन्नास येतात. त्यांच्यात ही नव्हती. आणि हा चेहरा आहे की इस्त्री केलेला रुमाल?"

नवरा वळला. "खरा फोटो कुठाय?"

"त्याच्यावरच हा दुरुस्त केलेला साठवला मी," सून म्हणाली.

"म्हणजे गेला? आता काय दाखवू लोकांना?"

सून मला घेऊन कठड्यावर बसली. फोटो गेला नव्हता. त्या ॲपमध्ये, माझ्याच पोटात होता. पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. तिने ॲप उघडलं. घामेजलं बोट भलतीकडेच पडलं, आई आणखी गोऱ्या झाल्या. सहा टक्के. पुन्हा चुकलं. चार टक्के. मग तिचं बोट 'मूळ फोटो' या बटणावर टेकलं.

सुरकुत्या आल्या. पापण्या ओघळल्या. कपाळावर व्रण उमटला.

"अगं बाई, या होय!" तिकीटवाली ओरडली. "गणवेशाच्या कारखान्याची बस विचारत होत्या. म्हटलं, तो कधीच बंद पडला. तर तरातरा चालत निघाल्या, पुलाच्या बाजूला. पळा!"

बंद कारखान्याच्या पायरीवर आई बसल्या होत्या. एका पायात चप्पल नव्हती.

"उशीर झाला रे, साहेब आत घेत नाहीत," त्या मुलाला म्हणाल्या.

"आज सुट्टी आहे, आई. चल घरी."

सून अजूनही माझ्यावर फोटो दुरुस्त करते, पण हात राखून. आठवड्यात जाणारं पुरळ काढते, जन्मभराचं असेल ते राहू देते. ॲपमधली कमी-जास्त करायची पट्टी जराशीच सरकवते आणि मूळ फोटोशी ताडून बघते. तुम्हीही एवढं करा. आपलं माणूस आपल्याला ओळखू येईल, इतपत ठेवा.

मी आता थकलो. बॅटरी दुपारपर्यंतही पुरत नाही, उद्यापरवा खणात जाईन. तक्रार नाही. आईंचा चेहरा मी घेतला होता, तो परत दिला. देणं फिटलं.