माणसासाठीचा शब्द

‘कीओत्सुके!’

डोमाजीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हुकमाचाच. सावधान! त्याला तसं म्हणायचं नव्हतं; पण जपानी बोलायला तोंड उघडलं आणि कैदेतलंच बाहेर पडलं. ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली बाई ताडकन उठली आणि हात मांड्यांना चिकटवून ताठ उभी राहिली. डोमाजीचेही पाय आपसूक जुळले होते.

"काय म्हनलं हो तिले?" तिची सासू सुंदराबाई घाबरली.

"काही नाही, माय. चुकलं माह्यं."

बाईचं खरं नाव फुमिको. अकोटजवळच्या या गावात तिला सगळे मैना म्हणत. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर सुंदराबाईचा मुलगा खुशालराव पलटणीबरोबर जपानात गेला आणि येताना तिला बायको करून घेऊन आला. दहा-अकरा वर्षांत ती वऱ्हाडी शिकली, भाकरी थापायला शिकली, लुगड्याचा काष्टा खोचून निंदायला जाऊ लागली. मूलबाळ झालं नाही. गेल्या आषाढात खुशालराव तापानं गेला. तेरवी झाली आणि तिची मराठी जणू आटून गेली. काय पुटपुटायची ते जपानीत.

"सून जेवून नाही राहिली, भाऊ," सुंदराबाई म्हणाली. "आमचं काय चुकलं, तेवढं इचारा."

अकोल्याच्या महिला मंडळाच्या शकुनताई खेडोपाडी बायकांची दुःखं ऐकत हिंडत. जपानी येणारा माणूस शोधता शोधता त्यांना इस्पितळातला वॉर्डबॉय डोमाजी सापडला. लढाईत जखमींच्या डोल्या उचलता उचलता तो सिंगापूरला जपान्यांच्या हाती लागला होता. मार खात जेवढी भाषा अंगात शिरली, तेवढी त्याची.

"ताई, मले शिव्या येतात अन् हुकूम येतात," त्यानं आधीच सांगितलं होतं. "दुखल्या जिवाशी त्याच्यात काय बोलाचं?"

"नुसते बसा, डोमाजी. तिचं ऐका."

म्हणून तो दर रविवारी एस्टीनं येई आणि ओट्याच्या कडेला बसे. सुंदराबाई त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओती. एकदा फुमिकोनं स्वतःचा तांब्या आणून सरळ त्याच्या हातात दिला. सुंदराबाईनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

फुमिको बोले, डोमाजी ऐके. बहुतेक सगळं डोक्यावरून जाई. दोन शब्द तेवढे ओळखीचे. ‘ओकासान’ म्हणजे आई. छावणीतला एक कोवळा पहारेकरी तापात मरताना तिलाच हाका मारत होता. आणि ‘काएरु’, घरी परत जाणं. तो शब्द तर कैद्याला कुठल्याही भाषेत कळतो. हे दोन शब्द ती सारखे जोडून बोले. हळूहळू अर्धी भाकरी खाऊ लागली.

डोमाजीनं ते शब्द सांगितल्यावर शकुनताईंनी जपानी वकिलातीत तिच्या माहेराविषयी लिहून पाहिलं. चैत्रात उत्तर आलं. फुमिकोची आई दोन वर्षांपूर्वीच वारली होती. भावानं कळवलं होतं की घरात बहिणीसाठी जागा नाही.

सांगायचं डोमाजीवर आलं. वाटभर तो शब्द शोधत राहिला. सकाळच्या हजेरीला जो उठायचा नाही त्याच्यासाठी पहारेकरी वापरत तो एकच त्याला येत होता.

"ओकासान... शिंदा."

ती रडली नाही. ओट्यावरचं उन्ह सरकून तिच्या पायांवर आलं तरी हलली नाही. मग तिनं मान हलवली, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून वऱ्हाडी निघाली.

"तसं नाही म्हनत, भाऊ. ते ढोराले. मायले म्हनाचं, नाकुनारिमाशिता."

डोमाजी अडखळला. तिनं पुन्हा सांगितलं. तो नीट म्हणाला तेव्हा तिनं वाकून कपाळ जमिनीला टेकवलं. डोमाजीला छावणीत मेलेले आपले सोबती आठवले. त्या सगळ्यांना त्यानं ढोरांच्याच शब्दात पोचवलं होतं.

"भाऊ काय म्हने माहा?"

डोमाजीनं खाली पाहिलं. तिला कळलं.

"आता येत नोका जाऊ," ती शांतपणे म्हणाली. "माय गेली. हे बोली आता कोनाशी बोलू?"

आत जाऊन तिनं चूल पेटवली.

कार्तिकात डोमाजी इस्पितळाच्या कामानं अकोटला निघाला होता. फुमिकोच्या गावाजवळ गाडी तापली, म्हणून ड्रायव्हर पाणी आणायला उतरला. रस्त्यालगतच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. सगळ्यांची डोकी पदरानं बांधलेली, सगळ्यांच्या कमरेला कापसानं भरलेल्या ओट्या, सगळ्या वाकलेल्या. डोमाजी खिडकीतून पाहत राहिला. त्यातली ती कोणती, हे त्याला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.